उलट न फिरणारं इंजिन

रोह्याच्या बाजारपेठेतून नदीकडे वळलं की कोपऱ्यावर दिनानाथचं दुकान. बाहेर जळक्या मोटारींची रास, आत तांब्याच्या तारेची रिळं, आणि मधोमध स्टुलावर स्वतः दिनानाथ. डोक्याला टक्कल, कानाला पेन्सिल आणि तोंडाचा पट्टा चालू. मोटार रिवायंडिंग हा त्याचा धंदा. म्हणजे पंपाची, पंख्याची, मिक्सरची मोटार जळाली की आतली काळी पडलेली तार ओरबाडून काढायची नि नवी तार गुंडाळायची. खांब गावापासून कोलाडपर्यंतचे विहिरींवरचे पंप त्याच्या हाताखालून गेलेले. हे तो सांगायचा, विचारलं नाही तरी सांगायचा. चहावाला कप ठेवून पाठ फिरवायच्या आत त्याला एक पंप सांगून झालेला असायचा.

त्याची बायको गिरजा म्हणायची, "ह्यांचं काय, तार पण गुंडाळतात नि गिऱ्हाईक पण."

पण हाताला यश होतं, हे गिरजासुद्धा कबूल करायची. दिनानाथ नसताना.

दिनानाथ मूळचा कासूचा, भातशेतीवाल्या घरातला. आईबाप लवकर गेले. मागे राहिली दोनच भावंडं, तो नि धाकटी सरू. सरूचं लग्न त्यानेच लावून दिलं, पेणला. पुढे स्वतःचं झालं, पण पोटी मूल नाही. कासूच्या घराला कुलूप लागलं. बायकांना माहेर असतं ना, तसं दिनानाथला ते सरूच्या घरी होतं. वर्षभर रोह्यात तारा गुंडाळायच्या नि गणपतीला दुकान बंद करून पेणला जायचं. गौरी येऊन गेल्याशिवाय तो रोह्याला परतायचा नाही. ते चार दिवस त्याला कोणी काढून घेतले असते, तर त्या माणसाकडे बडबडीशिवाय काही उरलं नसतं.

सरूचा नवरा जगन गणपतीच्या कारखान्यात आखणीला. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे. सगळी मूर्ती कोणीही रंगवील, पण डोळे जगनने काढायचे. श्वास रोखून, दोन केसांच्या कुंचल्याने. माणूस असा मुखदुर्बळ की घरात आहे की नाही हे त्याच्या चपलांवरून कळायचं. त्याच्या वाटणीचं बोलायला मेव्हणा होताच. दिनानाथ त्याला दाजी म्हणायचा, अहो-जाहो करायचा. वयाने लहान असला म्हणून काय, बहिणीचा नवरा. मान द्यायचाच.

त्या घरात विजेवर पळणारी एक छोटी आगगाडी होती. ती तिथे आली कशी? गिरगावातलं एक कुटुंब जगनच्या कारखान्यातून दर साल मूर्ती न्यायचं. त्यांचा मुलगा परदेशी गेला, मग मागोमाग म्हातारा-म्हातारीही निघाली. जाताना त्यांनी जगनच्या हातात एक खोका ठेवला. आत हिरवं इंजिन, वीतभर लांबीचं, मागे तीन डबे, वाकडे-सरळ रूळ, आणि कमीजास्त करायची चकती असलेला ट्रान्सफॉर्मर. त्याला खेळणं म्हटलेलं दिनानाथला खपायचं नाही. "खेळणं काय खेळणं! मोठ्या इंजिनाचं सगळं हाय हिच्यात. फक्त डायवर नाय मावत."

जगनने रूळ मखराभोवती मांडले. मध्ये गणपती नि भोवती गाडीची फेरी. आळीतले लोक दर्शनाला यायचे ते आधी गाडी बघायचे, मग हात जोडायचे. पण सगळ्यांत जास्त वेड लागलं ते जगनच्या आईला, गोदूबाईला. तिचे गुडघे गेलेले. प्रदक्षिणा घालता येत नाही ह्याचं तिला फार वाईट वाटायचं. ती मखरासमोर पाट घेऊन बसायची नि गाडी एक फेरा मारून आली की म्हणायची, "ही माझी झाली." पुढची फेरी आली की, "ही सरूची." मग आळीतल्या एकेकाच्या नावाने. दिनानाथ आला की, "ही तुझी रे दिनू. बघ, पाय न दुखवता पुण्य."

आता ह्या गाडीची गंमत अशी, की तिला करंट रुळातून मिळतो. ट्रान्सफॉर्मरमधून दोन वायरी निघतात, एक एका रुळाला, दुसरी दुसऱ्याला. चाकांनी रुळावरून करंट उचलायचा नि पोटातल्या मोटारीला द्यायचा. रूळ नि चाक ह्यांच्यामध्ये काहीही आलं की गाडी रुसते. आणि गणपतीच्या घरात काय काय येतं ते सांगायला नको.

पहिल्याच वर्षी गाडी बरोबर देवाच्या पाठीमागे जाऊन थांबली. दिनानाथ पालथा पडून मखराखाली शिरला. बाहेर फक्त त्याचे तळवे.

"सरू, रुळाला कुंकू कोणी लावलं गो?"

"लावलं असंल कोणी. देवाला लावलं, इंजिनाला लावलं, मग रूळ काय सावत्र?"

"अगो, त्याच्यावरनं करंट जातो!"

"मग जाऊ दे की. कुंकवाचं वावडं हाय काय त्याला?"

त्याने खोडरबर मागून घेतला नि रूळ घासून काढले. गाडी सुटली. दुसऱ्या वर्षी मखराची चमकी तुटून दोन्ही रुळांवर आडवी पडली. ट्रान्सफॉर्मर तापून वास यायला लागला. तो दोष सापडेपर्यंत दिनानाथने सगळ्यांना उपाशी ठेवलं. तिसऱ्या वर्षी इंजिनाच्या चाकात सरूचा लांब केस गुंडाळलेला निघाला. तो त्याने चिमट्याने ओढून काढला नि आल्यागेल्याला दाखवला. "ही बघा आमची बहीण. आगगाडीला वेणी घालते." सरूने त्याच चिमट्याने त्याला मारलं.

दर वर्षी गाडी एकदा तरी थांबायची, आणि खरं सांगायचं तर दिनानाथ त्याचीच वाट बघायचा. गाडी थांबली की गोदूबाई हाक मारणार, "दिनूला बोलवा." मग हा कानावरची पेन्सिल काढून मास्तरासारखा उभा. "रूळ, चाक, जोड, कार्बन, मोटार. ह्याच ओळीने बघायचं. मधेच घुसायचं नाय." आपलं मीटर काढायचा, काळी नि लाल अशा दोन टोकांचं, काटा हलणारं, आणि पाचदहा मिनिटांत गाडी चालू. बायका कौतुकाने हसायच्या. जगन कोपऱ्यातून बघायचा. काही विचारावंसं त्याला वाटत असेल, पण मेव्हण्याच्या बोलण्यात फट सापडली तर ना.

मग एक वर्ष विचित्र झालं. दिनानाथला यायला एक दिवस उशीर झाला नि वायरी दुसऱ्याच कोणीतरी जोडल्या, उलटसुलट. ह्या गाडीच्या वायरी अदलाबदल झाल्या की इंजिन मागे चालतं, एवढंच. पण ऐन आरतीला बटण दाबलं नि गाडी शेपटीकडून निघाली, देवाला उलटा फेरा घालत. गोदूबाईच्या हातातल्या टाळ्या थांबल्या. "थांबवा रे, थांबवा. देवाला उलटी प्रदक्षिणा? माझ्या घरात?" वायरी फिरवल्या, गाडी सरळ झाली, पण म्हातारीने त्या दिवशी मोदकाला हात लावला नाही. रात्री जगनला म्हणाली, "परत असं झालं तर गाडी नको रे मला."

दिनानाथ दुसऱ्या दिवशी आला तेव्हा हे ऐकून मोठ्याने हसला. "मावशी, देवाला काय कळतंय, पुढनं नि मागनं!" गोदूबाई हसली नाही. जगनही हसला नाही.

पुढच्या वर्षी गौरीजेवणाच्या दिवशी दिनानाथ दुपारच्या पॅसेंजरने आला. घर भरलेलं. गाडी झकास पळत होती नि गोदूबाई फेऱ्या वाटत होती. दिनानाथने पाय धुतले, नमस्कार केला, नि थोड्या वेळाने लाइट गेली. पेणात लाइट जाणं म्हणजे काही विशेष नाही. बाकीचे पंख्याच्या नावाने बोटं मोडत बसले. पण दिनानाथला रिकामं बसवेना. तो मखराच्या मागे गेला नि त्याला वायरीचा जोड दिसला. जगनने केलेला, दवाखान्यातल्या चिकटपट्टीने बांधलेला. आणि एका वायरीच्या टोकाला लाल रंगाचा ठिपका, तसाच ठिपका रुळाच्या बाजूच्या वायरीला.

"सरू! आता तुझ्या नवऱ्याने वायरीला पण कुंकू लावलंय!"

सगळे हसले. जगन बाहेर पाहुण्यांना पाणी देत होता, त्याने ऐकलं नाही. दिनानाथने पक्कड काढली, ती गावठी टोकं कापून टाकली, नवी टोकं सोलली, पीळ देऊन जोडली नि काळी टेप गुंडाळली. कोणी सांगितलं होतं? कोणी नाही. पण धड चाललेल्या गोष्टीला हात लावल्याशिवाय राहील तो दिनानाथ कसला.

आरतीला उभे राहिले तेव्हा लाइट आली. पोरं ओरडली. पंखे फिरले, माळा लागल्या, जगनने बटण दाबलं. गाडी जागची हलली नाही.

"दिनूला बोलवा," गोदूबाई म्हणाली. तो तर शेजारीच उभा होता, तरी म्हणाली. त्या घरची रीतच होती ती.

दिनानाथ पालथा पडला. रूळ स्वच्छ. चाकं स्वच्छ. जोड तर आत्ताच स्वतः केलेला. मीटर रुळाला लावलं, करंट येत होता. म्हणजे दोष इंजिनात. त्याने इंजिन उचललं, हातात धरलं, मीटरचं काळं टोक डाव्या चाकाला, लाल उजव्या चाकाला. काटा हललाच नाही. हे तो दिवसातून कितीदा करायचा. तार अखंड असेल तर काटा हलतो, तुटलेली असेल तर नाही. त्याच्या धंद्यात टोकं अदलाबदल करून बघायची कोणाला सवय नसते, कारण तारेच्या वेढ्याला उजवं-डावं नसतं. इकडून मोजा, तिकडून मोजा, सारखंच.

"मोटार जळाली," तो म्हणाला. आणि मग त्याने इंजिन उपडं केलं. पोटाखालच्या स्क्रूच्या डोक्यावर ताजे ओरखडे. फटीतून कथलाचं झाळण दिसत होतं, नवं, चकचकीत.

"हे उघडलं कोणी?"

दाराशी सरकलेला जगन म्हणाला, "मी."

"तुमी?"

"मी त्यात एक... आईसाठी म्हणून मी त्यात..."

"आईसाठी मोटार जाळली?" दिनानाथ हसतच म्हणाला. चिडून म्हणाला असता तरी बरं होतं. "अरे, ज्याचं काम त्यानं करावं. तू मातीचे डोळे रंगव. हे जितं यंत्र हाय, इथं तुझा कुंचला चालत नाय. मला विचारायला जीभ नव्हती तुला?"

सरूने तांब्या खाली ठेवला. पाहुणे चुळबुळले. आरतीचं तबक घेतलेल्या बाईने वात पुढे सरकवल्यासारखं केलं. दाजीचा तू झाला होता, अहोचा अरे झाला होता, तोही त्याच्या आईसमोर, देवासमोर, घरभर माणसांसमोर. आणि बोलणाऱ्याला ते कळलंच नाही. त्याला वाटलं आपण गंमत केली.

"दादा, पुरे," सरू म्हणाली.

"पुरे काय? खरं तेच..."

"पुरे म्हटलं ना."

गोदूबाई पाटावरून म्हणाली, "जाऊ दे रे दिनू. देवाच्या दारात आवाज नको. तुला होईल ना नीट?"

"न व्हायला काय झालं? रोह्याला नेतो, नवी तार भरतो. पुढच्या गणपतीला पळवतो बघ."

जगनने कापडी पिशवी आणून दिली. त्यात इंजिन ठेवलं. कोणाकडे बघितलं नाही. जेवायच्या पंगतीत तो वाढायला होता, पण दिनानाथच्या पानावर पुरणपोळी दुसऱ्याने वाढली.

आता खरी गोष्ट ऐका. दिनानाथने ते इंजिन रोह्याला आणलं नि दुकानातल्या खणात टाकलं. उघडलं नाही. गिरजा विचारायची, "झालं काय हो ते?" हा म्हणायचा, "पार्ट मिळत नाय." कसला पार्ट? आत केसासारखी तार असणार, हे त्याला माहीत होतं. त्याची बोटं पंपाची. जाड तार गुंडाळून गुंडाळून शेवग्याच्या शेंगेसारखी झालेली. एवढ्या बारीक मोटारीत ती चालणार नाहीत, ह्याची त्याला भीती वाटत होती. आणि पेणात सगळ्यांसमोर तो सांगून बसला होता. म्हणून खण उघडायचाच नाही. सोपं काम.

पुढचा गणपती आला. गाडी नाही, तर जायचं कसं? त्याने ताप आल्याचं कळवलं. त्याच्या पुढच्या वर्षी कंपनीची मोटार अर्जंट आली. गिरजा एकटी जाऊन आली नि म्हणाली, "मखराभोवतीचे रूळ तसेच मांडलेत. नुसतेच." त्यानंतर तिनेही सांगणं सोडलं.

भाऊबीजेला मात्र त्याला जावंच लागायचं. सकाळच्या गाडीने पेण, ओवाळून घ्यायचं, चहा, नि दुपारी परत. जगनला नेमकं त्याच दिवशी कारखान्यात काम निघायचं. सरू हसूनखेळून बोलायची, पण राहायला कधी म्हणाली नाही. गोदूबाई खाटेवरून विचारायची, "आणलीस काय रे गाडी?" तो म्हणायचा, "पुढच्या वर्षी, मावशी." ती म्हणायची, "बरं बरं. मी हाय तोवर आण." हे ती चेष्टेत म्हणायची. एका भाऊबीजेला खाट रिकामी होती. तेराव्याला येऊन गेलेला तो, पण रिकाम्या खाटेसमोर चहा प्यायला बसला तेव्हाच काय ते त्याच्या ध्यानात आलं.

त्या दिवशी सरू सहज म्हणाली, "ह्यांचं काय सांगू दादा, घरातला दिवा गेला तरी हात लावत नाय. वायरमनला बोलावतात. मी म्हटलं, स्टुलावर चढा नि फिरवा, तर म्हणतात, माझ्या हाताने जळंल." नि ती हसली. दिनानाथही हसला. कासू स्टेशन येईपर्यंत त्याच्या कानात ते हसू होतं. आणि मग 'माझ्या हाताने जळंल' एवढंच उरलं.

त्याच्या पुढच्या दसऱ्याची गोष्ट. दसऱ्याला दुकानातली सगळी हत्यारं पुसायची, मांडायची, झेंडूचं फूल वाहायचं. गिरजा खण रिकामे करत होती. इंजिन निघालं. तिने ते पुसलं, शिवणयंत्राचं तेल चाकांना सोडलं, कुंकू लावलं नि पक्कड-हातोड्याच्या रांगेत मांडलं.

"हे कशाला?" दिनानाथ म्हणाला.

"हत्यार नाय काय ते? त्यानेच तर एक घर तोडलंत."

"गिरजे!"

"बरं, नाय बोलत. एकदा लावून तर बघा. जळकं तर जळकं. निदान देवासमोर खोटं नको, पार्ट मिळत नाय म्हणून."

तिचं तोंड बंद करायला त्याने बारा व्होल्टची बॅटरी ओढली, दोन चिमटे काढले, हाताला आले तसे एकेका चाकाला लावले.

इंजिन घुं करून फिरायला लागलं. चाकं हवेत, कुंकवाचे कण उडतायत, नि ते आपलं खुशाल फिरतंय.

गिरजा बघतच राहिली. दिनानाथने चिमटे काढले. परत लावले. चाक हललं नाही. पुन्हा काढले, पुन्हा लावले. फिरलं. त्याने चिमटे हातात धरले नि नीट बघितलं, कोणता कुठे होता. लाल इकडे, काळा तिकडे, फिरतं. उलट लावले, मेलेलं.

त्याने पोटाखालचे स्क्रू काढले. मोटार धडधाकट होती. तार सोन्यासारखी. आणि चाकाकडून मोटारीकडे जाणाऱ्या वायरीत मुंगळ्याएवढा एक काळा तुकडा झाळलेला, कडेला पांढरी रेघ. डायोड. रेडिओवाल्याकडे मिळतो, दोन पैशांची वस्तू. करंटला एकाच दिशेने जाऊ देतो, उलट्या दिशेने अडवतो. म्हणजे वायरी बरोबर जोडल्या तर गाडी तोंडाकडून पळणार, आणि चुकून उलट जोडल्या तर मागे जाणार नाही. नुसती उभी राहणार. देवाला उलटा फेरा कधीच पडणार नाही.

आईसाठी म्हणून मी त्यात...

आणि ते लाल ठिपके. ठिपका ठिपक्याला जोडायचा, एवढीच खूण होती ती. त्याने हसत हसत पक्कडीने कापून टाकली, नि जोडलं उलट. झाळण तर बघा जगनचं, थेंब कसा गोल, मूर्तीच्या बुबुळासारखा. एवढं नीट काम दिनानाथच्या दुकानातही होत नव्हतं.

"काय झालं हो?" गिरजाने विचारलं.

"काय नाय," तो म्हणाला. मग स्क्रू परत बसवत, "काय सुद्धा झालं नव्हतं गो. कायच झालं नव्हतं."

त्या दिवशी दिनानाथ बोलला नाही. चहावाला कप ठेवून दोनदा वळून बघत गेला.

भाऊबीजेला तो पेणला उतरला तो सरूकडे गेलाच नाही. पिशवी घेऊन सरळ कारखान्यात. दिवाळी झाली की तिथे गडबड कमी असते, रंगाविना मूर्ती फळ्यांवर ओळीने बसलेल्या. जगन खिडकीपाशी कुंचले धूत होता. केस पिकलेले. मेव्हण्याला बघून उठला.

"या. घरी नाय गेलात?"

"नाय. दाजी, बसा जरा."

हा शब्द त्या माणसाच्या कानावर कितीतरी वर्षांनी पडत होता. तो बसला. दिनानाथने बॅटरी नि इंजिन काढलं, चिमटे लावले. चाकं फिरली. मग चिमटे उलट लावले. थांबली. मग त्याने सांगितलं. लाइट गेली होती ते, ठिपके कापले ते, टोकं उलट जोडली ते, मीटर एकाच बाजूने लावलं ते, खण उघडला नाही ते. एरवी पंप सांगायचा तसा रंगवून नाही. अडखळत. मधे मधे थांबत. जगनला बोलायला एवढ्या फटी त्याने जन्मात पहिल्यांदा ठेवल्या असतील.

जगनने फिरणाऱ्या चाकाला बोट लावलं. "म्हणजे मी जाळली नव्हती."

"नाय हो."

"रेडिओवाल्याने सांगितलं होतं, जास्त तापवू नका, पार्ट जातो. मला वाटलं मीच जास्त तापवलं." त्याने चाकावरचं बोट काढून घेतलं. "आईला मी सांगितलं होतं, माझ्या हातनं जळाली म्हणून. ती कधी काही बोलली नाय. उलट मलाच समजवायची."

दिनानाथने हात जोडले. काय करावं कळत नव्हतं, म्हणून जोडले.

"हात काय जोडता," जगन म्हणाला. "ती नाय आता."

"रूळ आणा. आत्ता लावून देतो. मखर नसलं तरी नुसतं..."

"रूळ सरूने भंगारवाल्याला दिले. आई गेली त्याच वर्षी."

जगनने चिमटे सोडवले, इंजिन कापडात गुंडाळलं नि पिशवीत ठेवून पिशवी मेव्हण्याच्या हातात दिली. मग कुंचले धुवायला वळला. पाठमोराच म्हणाला, "गणपतीला या दिनूभाऊ. सरू वाट बघते. गाडी नका आणू."

दिनानाथ गणपतीला गेला. मीटर नाही, पक्कड नाही, कानाला पेन्सिलसुद्धा नाही. गिरजाने विचारलं, "विसरलात?" तो म्हणाला, "नाय." आरतीच्या वेळेला मखराच्या माळेतला एक दिवा फडफडून गेला. सवयीने दिनानाथ अर्धा उठला, नि तसाच थांबला. सरूने नवा दिवा आणला, कोणाकडे द्यावा म्हणून बघत राहिली. जगनने तिच्या हातातून घेतला, स्टूल ओढलं नि वर चढला. स्टूल डुगडुगत होतं. दिनानाथने दोन्ही हातांनी त्याचे पाय धरले. वर जगनला दिवा बसवता येईना. तो आटे चुकत होता, परत फिरवत होता. दिनानाथच्या तोंडात पन्नास सूचना आल्या असतील. त्याने एकही बाहेर काढली नाही. गिरजा म्हणते, आमच्या लग्नानंतर एवढे गप्प हे तेव्हाच राहिले.

दिवा लागला. सरूने टाळ्या वाजवल्या.

दिनानाथ स्टुलाशी खाली वाकलेला होता, म्हणून त्याला ते दिसलं. मखराभोवती वीतभर जागा मोकळी सोडलेली. समया त्या जागेच्या बाहेर, फळं बाहेर, रांगोळीसुद्धा बाहेरून वळवलेली. रूळ जाऊन वर्षं झाली, तरी सरू अजून तेवढी जागा सोडून मांडते. समोर गोदूबाईचा पाट होता. त्यावर कोणी बसत नव्हतं.

आरती सुरू झाली. दिनानाथने टाळ्या धरल्या, पण नजर त्या मोकळ्या जागेवरून फिरत राहिली. सरळ, डावीकडून उजवीकडे. एक फेरा पुरा झाला तेव्हा, गोदूबाई फेऱ्या वाटायची तसे, त्याचे ओठ हलले. शेजारी उभ्या असलेल्या गिरजाला वाटलं, आरती म्हणतायत.